वारज्यातली भरती-ओहोटी

तीर्थरूप दशरथमामांस,

वारज्याहून भाची श्रद्धाचा साष्टांग नमस्कार. (गॅलरीत साष्टांगाला जागा उरली नाही, ती तिवराने व्यापली आहे.) गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ असं लिहू नका. परवा विहिरीपाशी घसरलात, हे तुमच्या शेजारच्या हिराकाकूंनी फोनवर सांगितलंय.

गेल्या वर्षी मी ‘एकटे राहू नका, पुण्याला चला’ म्हणून मागे लागले, तेव्हा तुम्ही खाडीतल्या खारफुटीतलं हातभर तिवराचं रोप चिखलासकट बादलीत घालून माझ्या हाती दिलंत. हे तिकडे वर्षभर जगवून दाखव, मग येतो म्हणालात. मामा, आज वर्ष झालं! दिवसातून दोनदा मिठाचं पाणी ओतून बादलीत भरती आणते, दोनदा उपसते. पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, हे आधी नाही का सांगायचं? मंगळवारी ती नेमकी साहेबांच्या मीटिंगमध्ये आली. ‘आलेच, भरती आहे’ म्हणून मी उठून घरी धावले, तेव्हापासून ऑफिसातले सगळे माझ्याशी जपून बोलतात. एकदा मीठ संपलं म्हणून उपासाचं सैंधव घातलं, तर पठ्ठ्याने तेही पानांवर बाहेर काढून ठेवलं. (उपास कडक दिसतो.) ओहोटीचं पाणी खालच्या वैजनाथकाकांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर जातं. त्यांनी जिन्यात पाटी लावलीय : ‘समुद्र हवा असल्यास कोकणात जावे. येथे कपडे वाळतात.’

तर रोप टुणटुणीत आहे आणि पैज मी जिंकले. तुमची खोली रंगवलीय, खिडकीतून टेकडी दिसते, कमोडही बसवलाय. आता नखरे न करता बॅग भरा.

तुमची लाडकी,
श्रद्धा

ता. क. गेल्या रविवारी दत्तप्रसादला, म्हणजे तुमच्या जावयाला, स्वच्छतेची लहर आली. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या काड्या त्याने तण समजून कात्रीने साफ केल्या. झाड त्यांनीच श्वास घेतं, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. पुढे एकही भरती चुकवली नाही, तरी पानं गळालीच. वरचं ‘टुणटुणीत’ साफ खोटं आहे. फार रडले हो, मामा.

आणखी ता. क. पैज हरले म्हणून तुम्हाला एकटं सोडेन असं वाटलं का? महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळालीय. शनिवारी स्वारगेटहून निघते, रिकामी बादली घेऊन. तोवर विहिरीवर जायचं नाही, पाणी मी येऊन भरीन. भरतीच्या वेळा तेवढ्या लिहून ठेवा, मीटिंगा त्याप्रमाणे लावते.