माझे वाक्य कोणी पुरे करू नये

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा चष्मे बनवण्याचा, मुक्काम दुकानामागची खोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके ठिकाणावर आहे. जीभ कधीच नव्हती, पण कायद्याला तिच्याशी कर्तव्य नाही.

१. राहती खोली, पलंग आणि कपाट थोरल्या भावाला. दादाने मला वाढवले, हे मी नाकारत नाही. पण मी तोतरा, म्हणून माझे प्रत्येक वाक्य त्याने परस्पर पुरे केले, हेही इथे नोंदवतो. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. समोरच्या मुलीला नाव विचारावे म्हणून मी "ना... ना..." करत होतो. दादा म्हणाला, "नाही म्हणतोय तो." ती माणसे उठून गेली. मी आजवर एकटा आहे आणि दादा हा किस्सा अजून हसून सांगतो.

२. माझ्या दुकानाचा वरचा मजला गुरुवारच्या मंडळाला. मंडळ म्हणजे सुरुवातीला आम्ही अडखळणारी अकरा माणसे. सुरू केले सायकलवाल्याने. तो सगळ्यात जास्त 'स'वर अडकतो, आणि धंदा निवडला हा! त्याच्या दुकानात संध्याकाळी जमायचो. नियम एकच: दुसऱ्याचे वाक्य पुरे करून द्यायचे नाही. पहिल्या दिवशी मला "बसा" म्हणायला चार मिनिटे लागली. कोणी घड्याळ पाहिले नाही. शेवटी आमच्यातला पोस्टमन म्हणाला, "ब... बसलोच आहोत की!" सगळे हसले. आयुष्यात प्रथमच त्या हसण्यात मीही होतो. तीन वर्षांत मी गिऱ्हाइकांशी बोलू लागलो, चक्क भांडूही लागलो.

३. आता माझा गुन्हा. व्यापारी संघाने माझा सत्कार केला. भाषणात मी म्हणालो, "निव्वळ स्वतःच्या जिद्दीवर बोलायला शिकलो." सायकलवाला तिसऱ्या रांगेत होता. दुसऱ्या दिवशी चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला आला.

"भा... भाषण छान झालं. एकदाही अडखळला नाहीस."

मी मान खाली घालून स्क्रू बसवला. मग लाजेने मंडळात जाणेच सोडले. सहा वर्षे! जीभ पुन्हा जड झाली, गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या लिहून देऊ लागलो. कुठे गेली होती ती जिद्द? अखेर गेलो, तेव्हा त्याचे दुकान रस्ता रुंदीकरणात गेले होते आणि मंडळ बागेच्या भिंतीशी उभे होते. अकराचे चार उरले होते. "उ... उशीर केलास," एवढेच म्हणून तो जरा बाजूला सरकला. त्या आठवड्यापासून आम्ही माझ्या दुकानाच्या वर जमतो. मी सोडून बाकीचे सहा जण कुठे गप्प बसले असतील, हे मला कोणी सांगू शकत नाही. मजला माझ्याकडे होता आणि मी आलो नाही, याचा संताप माझा मलाच येतो.

४. पुतण्या म्हणतो, "काका, बोलण्याच्या सरावाला आता ॲप आहे, मंडळ कशाला? मजला भाड्याने द्या." त्याला माझा मोबाइल देतो. त्याच्याशी बोलत बसावे.

५. मजल्यावर माझा फोटो किंवा पाटी लावू नये. अंमलबजावणी मंडळातल्या इस्त्रीवाल्या बाईंनी करावी, दादाने नव्हे.

६. भिंगे, हत्यारे आणि मोठा आरसा पुतण्याच्या मुलीला. वय नऊ. तीही अडखळते, आणि दादा आता तिची वाक्ये पुरी करतो. कलम एकमधली खोली त्याला मिळेल ती याच अटीवर, की दर गुरुवारी तिला आणून सोडावे आणि स्वतः खाली थांबावे. मागच्या गुरुवारी मीच तिला नेले. स्वतःचे नाव सांगायला तिला फार वेळ लागला. सगळे थांबले. नाव सांगून झाले, तशी तिने सगळ्यांकडे एकदा पाहिले आणि कोणी विचारले नसताना ते पुन्हा सांगितले.

वरील मजकूर मी स्वहस्ते लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

सही: चष्मेवाला
साक्षीदार: पोस्टमन (निवृत्त), सही. सायकलवाला, सही.
ठिकाण: दुकानाचा वरचा मजला
दिनांक: सोळा फेब्रुवारी, गुरुवार