तुमच्या नावाला ‘हाय’ कोण म्हणणार

आण्णा, आपल्या कुपवाडच्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेला मी ‘लेथवाल्यांची भिशी’ म्हणून चिडवायचे, आठवतं? आता तिची सेक्रेटरी मीच आहे. सभासदांचं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडायचं काम समितीनं माझ्या गळ्यात घातलं. तीन कंपन्यांची माणसं येऊन दाखवून गेली, तिघांच्याही जिभेवर साखर. त्यातल्या त्यात पुण्याहून आलेल्या बाईंचं बरं वाटलं. वर्गणीची आठवण आपोआप जाते, पावती मोबाईलवर येते, आणि सभेच्या दारात आपापला कोड दाखवला की हजेरी लागते. “नावं पुकारायची गरजच नाही,” त्या कौतुकानं म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी सोडून.

आपली हजेरी त्यांना कशी समजावणार? सेक्रेटरी म्हणून तुम्ही उभं राहून एकेक नाव घ्यायचात आणि माणसं बसल्या जागेवरून ‘हाय’ म्हणायची. ओतकामवाले काका वारले त्या वर्षी तुम्ही सवयीनं त्यांचंही नाव घेतलंत. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग त्यांच्या शेडच्या भिंतीला ज्यांची शेड लागून होती, ते खाली बघत म्हणाले, “हाय.” तुम्ही पुढचं नाव घेतलंत, आणि तेव्हापासून रीतच पडली: गेलेल्याचं नाव कमी करायचं नाही, भिंतीच्या शेजाऱ्यानं त्याच्यासाठी ओ द्यायची. मी तेव्हा शाळेत होते, चहा-बिस्किटांच्या आशेनं तुमच्याबरोबर आले होते. मेलेला माणूस हजर म्हटल्यावर फिस्सकन हसले. घरी आल्यावर तुम्ही मोरीत हाताचं ऑइल धूत होतात, तसेच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात आलात.

“हसतीस कशाला गं? मानूस गेला, पर शेड हाय, पोरंबाळं हाइत. नाव लगीच पुसायचं व्हय?”

“आवं, लेकरू हाय. तिला काय कळतंय?” आई भाकरी थापता थापता म्हणाली.

“कळंल कवातरी.”

कळलं, आण्णा. तुम्ही गेलात त्याच वर्षी कळलं. सभेत नवे सेक्रेटरी थबकतात, मग तुमचं नाव घेतात. शेजारच्या शेडचे काका उठतात, ज्यांच्याशी सांडपाण्याच्या गटारावरून तुम्ही कैक वर्षं बोलत नव्हता तेच. बसून ओ द्यायची पद्धत, पण ते उभे राहतात आणि भांडताना ओरडायचे तेवढ्याच मोठ्यानं म्हणतात, “हाय!” पुढं दरवर्षी तेच म्हणत आले. वर्षातून एकदा, त्या एका शब्दापुरते, तुम्ही मला परत मिळायचात. मी सभेची वाट त्याच्यासाठीच बघायचे.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले. मुलानं शेड विकली, तिथं आता गोडाऊन आहे. भिंतीपलीकडं नुसती खोकी.

पुण्याच्या बाई नमुन्यादाखल आपली यादी भरत तुमच्या नावापाशी आल्या. “मॅडम, हे सक्रिय की निष्क्रिय?”

“वारले ते.”

“मग निष्क्रिय करू. यादीतून नाव जाईल फक्त.”

फक्त! अध्यक्ष हळूच म्हणाले, “ताई, कवातरी करायलाच लागंल की. नव्या पोरांस्नी कोन कुनाच्या भिंतीला हाय, त्येबी ठावं न्हाई.” त्यांचं खोटं नाही. आणि सॉफ्टवेअर चांगलं आहे, आण्णा, पावत्या लिहून लिहून तुमचं मनगट दुखायचं ते तरी वाचलं असतं. मी तेच निवडलं. बाकीच्या गेलेल्यांची नावं त्यांच्या त्यांच्या घरी विचारून काढली. तुमच्या घरी विचारायचं म्हणजे मलाच. “हे मी नंतर करते,” म्हटलं.

केलं नाही. तुम्हाला सक्रिय ठेवलंय, नंबर माझाच दुसरा घातलाय. आज सकाळी मी लेथ सुरू करत होते तेवढ्यात त्यावर मेसेज आला. तुमचं नाव घालून, अगदी आदरानं विचारलंय, वार्षिक सभेला आपण उपस्थित राहणार का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. ‘नाही’वर बोट जात नाही. ‘हो’ म्हटलं तर दारात तुमचा कोड दाखवायला तुम्हाला कुठून आणू? तुम्ही हवे होतात हो, आण्णा. अजूनही रोज हवे असता.

मेसेज तसाच ठेवलाय. हा कागदही घडी घालून तुमच्या हत्यारांच्या कप्प्यात ठेवीन, दुसरीकडं कुठं पाठवणार? मघाशी त्या भिंतीला हात लावून मीच तुमच्या नावाला “हाय” म्हटलं. पण काकांसारखं मोठ्यानं नाही जमलं. लेथ चालू होती, कुणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून म्हटलं.