आबांसाठी बदललेले शॉकअप

घणसोली गाव,
बुधवार दुपार

ती. वैजयंतीताईस,

धाकटा चुलतभाऊ नामदेव याचा वाकून नमस्कार. भावोजींची शुगर आटोक्यात असेल आणि नाशिकची थंडी तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल असं धरून चालतो (मानवत नसेल तर कळव, तुझ्या भावजयीकडे, पुतळाकडे, एक तेल आहे, त्यानं गुडघा बरा होत नाही, पण वासामुळं माणसं लांब राहतात आणि आपल्याला विश्रांती मिळते). इकडं सगळे आहेत. खुशाल आहेत असं लिहिण्याची हिंमत होत नाही. शनिवारी तुला गावच्या ग्रुपवर तुझ्या आबांच्या श्रद्धांजलीचा मेसेज आला, तू फोनवर रडलीस, आणि मी गडबडीत ‘अगं ते चहा पितायत’ एवढंच बोलून फोन ठेवला. त्यानंतर तू माझा फोन उचललेला नाहीस. म्हणून हे पत्र. आधी सगळं वाच, मग रागाव.

माझी पिकअप तुला ठाऊक आहे. मंडपाचे बांबू, खुर्च्या, भांडी, आणि गावात कुणी गेलं की ते माणूसही. आपल्या गल्लीत शववाहिनी शिरत नाही (प्रत्येकानं भाड्याच्या खोल्या इतक्या पुढं काढल्यात की समोरासमोरच्या खिडक्यांतून लोक एकमेकांना मीठ देतात), त्यामुळं गावाचा शेवटचा प्रवास माझ्याच गाडीतून होतो. पण गाडीचे मागचे शॉकअप कधीचे गेले होते. चाक खड्ड्यात गेलं की हादरा पोटात घेणारी ती दोन नळकांडी, त्यांच्यातलं तेल गळून गेलं होतं. मला ते ओले दिसायचे तेव्हा मी समजायचो की पावसाचं पाणी आहे. देखभाल म्हणशील तर दरवर्षी दसऱ्याला मी गाडीला हार घालत होतो.

गेल्या महिन्यात पोशातात्या गेले. आबांचे मिठागरापासूनचे जोडीदार. आबा हट्टानं मागं त्यांच्या उशाशी बसले. आता गावात ज्यानं इमारत बांधली त्यानं दारासमोर स्वतःचा एक स्पीडब्रेकर घातलाय, आणि इमारत तर प्रत्येकानं बांधलीय. पहिल्याच उंचवट्यावर गाडी अशी उसळली की मागची माणसं एकमेकांच्या मांडीवर. तात्या बांधलेले होते म्हणून जागेवर राहिले. आबा बांधलेले नव्हते. कोपर सोलून घरी आले आणि ओट्यावर बसून मला म्हणाले, “नामा, मना या गाडीन नेशील तं मी मरनारच नाय.”

आम्ही हसलो. पुतळा तर म्हणाली, बरं झालं, आता शॉकअप बदलूच नका. पण आठवड्याभरात आबांच्या पायांना सूज आली, जिना चढताना दम लागायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. आबा जागचे हलेनात. रिक्षा आणतो म्हटलं, एसी गाडी बोलावतो म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की जाण्याची काळजी नाही, कशातूनही जाईन. पण त्या हॉस्पिटलातून आपल्या गावची माणसं आडवीच परत आलीत, आणि आडवं म्हणजे तुझी गाडी. आधी गाडी नीट कर. रोज संध्याकाळी सूज बोटभर वर चढत होती आणि मी खाली गाडीकडे बघत होतो.

शेवटी तुर्भ्याचा हौसेराव मेकॅनिक आणला (साताऱ्याकडचा आहे, बोलतो कमी आणि उसासे जास्त टाकतो). त्यानं गाडीचा मागचा कोपरा दाबला आणि सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते म्हणे. आमची पाळण्यासारखी डुलतच राहिली. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं नट असे गंजले होते की पाना बसेना. तेल सोडलं, ठोकलं, अखेर गॅसनं कापावे लागले. शॉकअप जोडीनं बदलायचे असतात. मी शहाणपणा करून डावाच बदलायला लावला, कारण उजवा मला त्यातल्या त्यात बरा वाटत होता. परिणामी गाडी वळणावर लंगडायला लागली आणि एक खुर्च्यांची थप्पी माझ्याआधीच मंडपात पोचली. मग उजवाही बदलला, त्यांच्या सांध्यातले रबरी बुशही नवे घातले. तरी रिकामी गाडी ताठ चालते म्हणून हौसेरावनं मागं रेतीच्या गोणी टाकायला सांगितल्या.

आबांना ट्रायल हवी होती. मी पुढचं दार उघडलं तर म्हणाले, “बसून काय कलनार? जायाचा तं झोपून हाय.”

तेव्हा शनिवारी दुपारी, ताई, मी तुझ्या वडिलांना पिकअपमध्ये गादीवर झोपवलं. धूळ बसू नये म्हणून पुतळानं पांढरी चादर घातली. उन्हामुळं आबांनी डोळे मिटले आणि हात छातीवर घेतले. नटांचा आवाज ऐकायला हौसेराव मान खाली घालून शेजारी बसला, आणि तो तसाही सुतकीच दिसतो. मीही आवाज ऐकण्यासाठी गाडी पावलागणिक चालवत होतो. पहिला स्पीडब्रेकर गेला, कळलंच नाही. दुसऱ्याला गल्लीतल्या गिरजाबाईनं गॅलरीतून हंबरडा फोडला. पुढच्या नाक्यावर आरशात बघतो तर गाडीमागं चाळीसेक माणसं, मान खाली घालून, अनवाणी. वाण्यानं शटर अर्धं ओढलं होतं. मला वाटलं, कुणीतरी गेलंय वाटतं, आणि त्यांना वाट द्यावी म्हणून मी गाडी कडेला घेतली. तेही थांबले. त्याच वेळी कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तोच तुझ्यापर्यंत पोचला.

गाडी का थांबली म्हणून आबा उठून बसले. दोन जण पळाले. गिरजाबाई खाली येऊन आबांना बोलबोल बोलली की असला जीव घेणारा खेळ म्हाताऱ्या माणसानं करू नये. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, आता निघालोच आहोत तर शेतापर्यंत ने. आपलं खारजमिनीतलं, खाडीकडचं. मी म्हटलं आबा, तिथं आता टॉवर आहे. तरी ने म्हणाले. गेलो. गेटवर वॉचमननं कुठल्या फ्लॅटला जायचं ते विचारलं. आबांनी शेताचं नाव सांगितलं. वॉचमन चांगला होता बिचारा, यादी दोनदा बघितली, पण त्या नावाचं कुणी तिथं राहत नव्हतं. गेटवरूनच गाडी वळवली. परतताना आबा पुन्हा झोपले नाहीत, गोणीवर बसून राहिले. घराजवळ आल्यावर म्हणाले, “पान्यावरशी गेल्यावानी वाटला. चल, कुठं न्यायचा तिथं ने आता.”

सोमवारी वाशीला नेलं. हृदय फार थकलंय. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की वर्षांचा हिशोब धरू नका, महिने धरा, आणि जपा, हादरे बसू देऊ नका. आबांना मी यातलं काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. उतरताना फक्त म्हणाले, नट पुन्हा एकदा आवळून घे.

असं सगळं झालं. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. त्या ग्रुपवरच्या श्रद्धांजल्या काढून टाकायला सांगितल्यात, पण तिघांनी मोठी कविता लिहिली होती, ते तयार नाहीत.

तुझा,
नामदेव

ता. क. वर लिहिलं नाही ते लिहितो. शनिवारी चहा पिताना आबांनी मला एकच विचारलं, “वैजू रडली का?” मी म्हटलं, खूप रडली. त्यावर त्यांनी दुसरा कप मागितला. तू त्यांना नाशिकला राहायला बोलावलंस आणि ते लेकीच्या घरी राहणार नाही म्हणाले, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलला नाहीत. दोन वर्षं झाली. तुमच्यात मी पडत नाही. पण यायचंच असेल तर ते मागं झोपलेले असताना येऊ नकोस. पुढं माझ्या शेजारी बसतायत तोवर ये.

ता. क. दुसरा. पुढचे शॉकअपही रविवारी बदलतोय. चांगले असताना का बदलतोस म्हणून आबांनी विचारलं. ताई येणार आहे, तिला स्टेशनवरून आणायचंय, असं मी सांगून बसलोय. तेव्हा आता तू काय ते बघ. काल सांगितलं, आणि आज सकाळपासून ते दाढी करून बसलेत.