खंडेनवमीच्या सात गाड्या

॥ श्री ॥
नांदेड, ३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनातून आलेला नाही. तुझा नंबर मी काल परतीच्या बसमध्येच ब्लॉक केला. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मला रडू फुटतं, म्हणून कागदावर भांडते आहे. पत्र तुमच्या मल्लेश कंडक्टरच्या हाती देते. तो संध्याकाळी लातूर डेपोत उतरला की तुला मिळेल.

दसऱ्याच्या दिवशी न जेवता, कुणाला सोनं न देता घरातून निघाले, त्याबद्दल वहिनींची माफी मागते. तुझी मागत नाही.

वरच्या खोलीतल्या कपाटात माझ्या सात गाड्या होत्या. जपानी, साठ-सत्तर सालातल्या, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या. एकेका डब्यात शे-दीडशे प्लास्टिकचे तुकडे येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिमट्यानं धरून चिकटवायचे. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये मी लोकांच्या दाढा घडवते आणि सुट्टीत लातूरला येऊन हे करते, कारण इथल्या घरमालकाला रंगाचा वास चालत नाही. पांढऱ्या टोयोटाचं काम आठ महिने चाललं होतं. एक नोव्हेंबरला पुण्याच्या प्रदर्शनात ती जायची होती. फक्त शेवटचा चकाकीचा हात राहिला होता. दमट हवेत तो मारला तर दुधाळ होतो, म्हणून मी पाऊस उघडायची वाट बघत होते. तो हात बसेपर्यंत त्या रंगाला पाणी चालत नाही. कुणी शिवायचं नाही म्हणून मी वहिनींना दोनदा बजावलं होतं.

आणि काल बघते तर सातही गाड्या पाटावर ओळीनं, गळ्यात झेंडू. पांढरीच्या बॉनेटवर, टपावर, दारांवर हळदीची बोटं. दारांवरचे शर्यतीचे आकडे सुटून टॉवेलला चिकटलेले. लाल डॅटसनचा पुढचा आस मोडलेला आणि चाकाखाली अर्धं लिंबू. चारचौघात सांगायचीही सोय नाही की माझी गाडी लिंबावरून गेली आणि मोडली.

तू पहिल्यापासून त्यांना खेळणी म्हणत आलास. जूनमध्ये निलंग्याचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा तू त्या कपाटावर चादर टाकलीस. छत्तीस वर्षांची बाई खेळण्यांत रमते हे दिसू नये म्हणून. त्यावरून आपलं वाजलं, मी दसऱ्यापर्यंत लातूरला आले नाही आणि तेव्हापासून तू बसची नांदेड फेरीही टाळतोस. ठीक आहे. पण मग मला एवढंच सांग, खेळणी होती तर त्यांची पूजा कशाला केलीस?

उत्तर पाठव. लोभ आहे, पण तूर्त तो कपाटात ठेवला आहे.

गीता


लातूर, ५ ऑक्टोबर

चि. गीतास अनेक उत्तम आशीर्वाद.

(अक्षर माझं आहे. यांचा अंगठा दारात चेंगरलाय, म्हणून हे बोलतील तसं उतरवून घेते. – राजकन्या)

तुझं पत्र पोचलं. डोकं फिरलं माझं. सणाच्या दिवशी घरची लेक उपाशी निघून गेली, गल्लीनं बघितलं. शेजारच्या नागुबाई विचारून राहिल्या की पोरगी रडत का गेली. काय सांगू त्यांना? प्लास्टिकसाठी गेली म्हणून?

अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवली. दर खंडेनवमीला गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, हार घातला. कंदी रंग गेला न्हाई. धुतल्यावर रंग जातो ती गाडी कसली? आन मी काय नळाखाली धरल्या न्हाईत. तांब्यानं हळू पाणी सोडलं. शाम्पू लावला, तो बी तुझ्या वहिनीचा, वासाचा. बाजारात हिंडून सगळ्यात बारकं लिंबू आणलं. चाकाखाली लिंबू फुटल्याबिगर पूजा होत न्हाई. ते फुटंना म्हणून जरा दाबलं. त्यात आस मोडला तर मोडला.

चादर टाकली ती तुझ्या भल्यासाठी टाकली. (मी तेव्हाच नको म्हटलं होतं. – रा.) मधी मधी काय लिहून राहिलीस ते मला कळतंय म्हणावं तुझ्या वहिनीला.

नांदेडला येत न्हाई कारण ड्युटी बदलली. सध्या उदगीरला जातो. त्यात रुसवा कसला?

पूजा का केली म्हणून विचारतीस. पूजा करायची असती म्हणून केली. अजून काय सांगायचं?

भाऊबीजेला ये. राग घेऊन आलीस तरी चालंल.

तुझा दादा


नांदेड, ७ ऑक्टोबर

ती. दादास,
न. वि. वि.

शाम्पू! वासाचा शाम्पू! पत्र लॅबमध्ये वाचलं. माझ्या हातातली कुणाची तरी अख्खी दाढ खाली पडली.

मी आठ महिने घालवले त्यावर तुझा एकच जबाब, मोडला तर मोडला. तुझ्या बसच्या आरशाला कुणी बोट लावलं तर तू डेपो डोक्यावर घेतोस, मी पाहिलंय. माझ्या गाड्यांचे आरसे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. पांढरीचे दोन्ही मोरीतून वाहून गेले. तुला त्याचा पत्ताही नाही, कारण पत्रात त्यांचं नावसुद्धा नाही.

आणि खोटं तरी नीट बोल. मल्लेशला मी विचारलं की दादा उदगीरच्या गाडीवर कधीपासून आहे. तो गडी माझ्याकडे न बघता उभ्या बसमध्ये तिकिटं फाडायला लागला. त्यालाही तू शिकवून ठेवलंस. बहिणीचं तोंड बघायला नको म्हणून एवढा बंदोबस्त!

एक गोष्ट मला राहून राहून कळत नाही. पांढऱ्या रंगावर ढळढळीत पिवळे डाग पडले, आकडे डोळ्यांदेखत सुटले, आस वाकला, तरी तू दाबतच राहिलास. डोळे फुटले होते का तुझे?

मी भाऊबीजेला येणार नाही. गाड्यांचे रिकामे डबे कपाटाखाली आहेत. सातही त्यात भरून मल्लेशकडे दे. मोडक्या तर मोडक्या, माझ्या आहेत. माझ्या खाटेखाली राहतील. तिथं त्यांना कुणी आंघोळ घालणार नाही.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.

गीतांजली


लातूर, ९ ऑक्टोबर

गीताताईंस, राजकन्येचा नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. यांना माहीत नाही. हे डेपोत गेलेत. उदगीरच्या गाडीवर नाही. डेपोच्या मागं सुट्या भागांची खोली आहे, तिथं नटबोल्ट मोजून द्यायच्या कामावर.

यांच्या अंगठ्याला काही झालेलं नाही. जूनअखेर चालकांच्या डोळ्यांची तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधानं टिकते म्हणतात. समोरचं धुरकट दिसतं, कडेचं दिसतच नाही, लिहायला बसले की ओळीवर ओळ चढते. त्याच दिवशी यांना गाडीवरून उतरवलं. मी म्हटलं गीताताईंना कळवू. यांनी मला पोरांची शपथ घातली. म्हणाले, गीतानं मला स्टिअरिंगवरच बघितलंय, तसंच राहू दे.

खंडेनवमीला सकाळी आंघोळ करून, जुना युनिफॉर्म घालून हे डेपोत गेले. पिशवीत मोठा हार, नारळ, चार लिंबं. यांची गाडी नव्या ड्रायव्हरनं आधीच धुऊन, पूजा करून बाहेर काढली होती. दुपारी हे पिशवी तशीच घेऊन घरी आले. जेवले नाहीत. मग म्हणाले, आपल्या गीताच्या गाड्या हाईत की घरात. मी म्हटलं, पांढरीचा रंग कच्चा आहे, तिनं बजावलंय. तर म्हणाले, गाडी हाय, सणाला बिनपूजेची ठेवायची का? मी यांना अडवू शकले असते. अडवलं नाही. तेवढा दोष माझा. मोठ्या हाराचा दोरा सोडून सात हार मीच ओवले. बारकं लिंबू बाजारात हिंडून आणलं वगैरे सगळं खोटं आहे. ते बसच्या चाकाचं लिंबू होतं.

आता माझा राग ऐका. तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवत होते. डोळ्यांच्या त्या वाक्याशी आले आणि ते गाळून पुढं गेले. यांना लगेच कळलं. म्हणाले, गाळलंस ते वाच. मी नाही म्हटलं. म्हणाले, वाच. मी वाचलं. तुम्हाला गाडीचा आरसा तांदळाएवढा असतो हे बरोबर ठाऊक असतं ताई. चार महिने सख्खा भाऊ दिसला नाही, तर अडीच-तीन तासांवर येऊन त्याच्या कामाच्या जागी डोकवावं असं नाही वाटलं? दसऱ्यालाही तुम्ही आधी वर कपाटाकडे गेलात. यांच्याकडे नीट बघितलं असतं तर तुम्हालाच दिसलं असतं.

तुमच्या पत्रात आरशांचं ऐकल्यापासून हे सारखे मोरीची जाळी काढून आत हात घालून चाचपतात. काल एक आरसा सापडला. काडेपेटीत घालून सोबत पाठवते. दुसरा अजून शोधतायत.

गाड्या मी पाठवणार नाही. हव्या तर येऊन न्या. माया ठेवावी असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

राजकन्या


नांदेड, ११ ऑक्टोबर

ती. दादास,
गीताचा शि. सा. न.

वहिनी, हे पत्र दादाला मोठ्यानं वाचून दाखवा. एकही वाक्य गाळू नका.

दादा, ते वाक्य मी लिहिलं. मला माहीत नव्हतं, पण लिहिलं मीच. ते चुकलं. पाया पडून सांगते, चुकलं. वहिनींनी मला जे सुनावलं तेही सगळं खरं आहे.

आणि आता मी तुझ्यावर पहिल्यापेक्षा जास्त चिडले आहे. गाडीचं राहू दे बाजूला. चार महिने तू मला उदगीर, अंगठा, काय वाटेल ते सांगत बसलास! मी परकी आहे का? मी शाळेत असताना इंजिनाच्या पेटीवर गोणपाट टाकून तू मला बसवायचास. अहमदपूरपर्यंत प्रत्येक गिअर मी तुझ्या आधी तोंडानं म्हणायची. गाड्यांचं हे वेड तूच मला लावलंस आणि पाहुण्यांसमोर त्याच्यावर चादरही तूच टाकलीस. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो ठेवून बाकीचं सांगते.

आमच्या लॅबच्या इमारतीत डोळ्यांच्या बाई आहेत. पंधरा तारखेची वेळ घेतली आहे. मल्लेशच्या गाडीनं ये, पुढच्या सीटवर बस आणि ड्रायव्हरला शिकवत येऊ नकोस. औषधाचे थेंब वेळच्या वेळी घालतोस की नाही ते मी वहिनींना विचारणार, तुला नाही. मी भाऊबीजेला येते. चार दिवस राहणार आहे. ओवाळीन, पण तोंड वाकडं करूनच ओवाळीन.

पांढऱ्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. पुसायचीसुद्धा नाही. या वेळी ऐक.

आरसा मिळाला. कुठंही मोडलेला नाही.

गीता


नांदेड, ४ नोव्हेंबर

ती. दादास,
गीताचा शि. सा. न. वि. वि.

पुण्याहून काल आले. बक्षीस काही मिळालं नाही. ऐकून घे आणि मग मला शिव्या दे, कारण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. वहिनींना माहीत आहे.

दिवाळीत गच्चीवर आपण पांढरी पुन्हा रंगवली. चिकटपट्टीचं रीळ धरून तू बाजूला बसला होतास आणि तीन वेळा विचारलंस की हळद सगळी निघाली का. मी हो म्हटलं. तू बोट फिरवून बघितलंस, हाताला गुळगुळीत लागलं, तुझं समाधान झालं. खोटं बोलायची पाळी माझी होती. टप, दारं सगळं मी घासून नवं केलं. बॉनेटवरचं तुझं हळदीचं बोट मात्र पट्टी लावून झाकलं आणि बाकीची गाडी त्याच्याभोवती रंगवली. मग पट्टी काढून वरून चकाकीचा हात मारला. आता ते पाण्यानं, शाम्पूनं, कशानंही जाणार नाही. बोट केवढं आणि बॉनेट केवढं! अर्धं बॉनेट पिवळं आहे. आरसा एकाच बाजूला आहे.

परीक्षकांनी कागदावर लिहिलं, बॉनेटवर डाग, रंगकाम अपूर्ण, एक भाग गहाळ. मी त्यांच्याशी भांडले. भांडले म्हणजे चांगलीच भांडले, लोक गोळा झाले. मी म्हटलं, हा डाग नाही. ही गाडी अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसानं खंडेनवमीला पुजलेली आहे. इथं टेबलावर दोनशे मॉडेलं मांडली आहेत, एकापेक्षा एक सुंदर, पण एखाद्या ड्रायव्हरनं गाडी समजून हात लावलेली एवढी एकच आहे. बाकी सगळी खेळणी. ते म्हणाले, नियमात तसा रकाना नाही. नसू दे.

मोरीत हात घालणं आता बंद कर. दुसरा आरसा मी बनवणार नाही, ती बाजू तशीच राहील. डोळ्यांच्या बाईंनी सांगितलेत तसे थेंब दिवसातून दोनदा, चुकवायचे नाहीत. पुढच्या खंडेनवमीला सातही गाड्या मी स्वतः तुझ्यापुढं पाटावर मांडते, आणि तुझा जुना युनिफॉर्म इस्त्री करून ठेवायला वहिनींना आत्ताच सांगते. लिंबू मात्र मी आणणार.

राग अजून थोडा आहे. लोभ त्याहून जास्त आहे, तो वाढवायची गरज नाही.

तुझी
गीता