फळी एक की दोन

अप्पा, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि सांगायला बसले की मी उठून दुसरंच काहीतरी करायला लागते. आत्ताही मूग निवडून झाले, ताटं पुसून झाली, गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आले. आता कारण उरलं नाही, म्हणून लिहिते. त्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचं आहे. माझ्या शब्दावर तुम्ही त्याला खोटं ठरवलंत, आणि तो खोटा नव्हता.

दुर्गदबैलाच्या बाजारामागच्या बोळातलं आपलं दुकान. तुम्ही दारं-चौकटी करायचात, पण तंबोरा तडकला, पेटीचं लाकूड सुटलं की धारवाडची गाणारी मंडळी तुमच्याकडेच यायची. पॉलिश माझ्याकडे. मी पंचविशीची, लग्न ठरत नव्हतं, आणि शेजारची काकू म्हणायची, ‘पोरीच्या हाताला पॉलिशचा वास, कोण करून घेणार हिला?’ तुम्ही आतूनच ओरडायचात, ‘नाक मुरडणारा आम्हालाच नको की!’ तर एका सकाळी तो आला. दिवसा बँकेत कारकून, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार. स्टेजवरून पडून गिटारचं धड फुटलं होतं, मान आणि वायरी शाबूत. तुम्ही बोटानं टकटक करून बघितलंत. ‘हे तर भरीव आहे. पाटाला तारा लावल्यासारखं. आवाज कुठून येणार?’ तो म्हणाला, ‘वायरमधून येतो, मिस्त्री.’ ‘मग लाकडाचं काय काम?’ यावर तो अर्धा तास बोलत होता. लाकडावरच सगळं आहे म्हणे. तुम्हाला तो आवडला, मला दिसत होतं ते. शेवटी तो म्हणाला, ‘बॉडी एकजीव पाहिजे बघा.’ तुम्ही म्हणालात, ‘एकजीवच देतो.’

तुमच्या तोंडी एकजीव म्हणजे काय ते त्याला कुठून कळणार? दोन फळ्या अशा रंधायच्या, असा सरस लावायचा, की नख फिरवलं तरी सांधा लागू नये, त्याला तुम्ही एकजीव म्हणायचात. त्याला हवी होती एकच अखंड फळी. पण त्याच्याही मनात कुठंतरी पाल चुकचुकली असणार. पायरीवर चपला घालताना तो मला म्हणाला, ‘अक्का, अप्पांना सांगा हं, जोड नको. फळी एकच. जोडात आवाज अडतो म्हणतात.’ मी म्हटलं, ‘सांगते.’

नाही सांगितलं, अप्पा. अळणावरच्या डेपोतून तुम्ही शिवणीचं लाकूड आणलं होतं, त्यात एकाच ओंडक्याच्या दोन अरुंद फळ्या मला सापडल्या होत्या. गिटारसाठी शेजारी ठेवल्या तर एकीची रेघ सरळ दुसरीत चालत जायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, ‘मला नव्हतं गं दिसलं हे.’ एवढंच. पण तोवर तुम्ही माझ्या पॉलिशला ‘बरं आहे’च्या पुढं गेला नव्हता. एकच फळी म्हटलं असतं तर माझ्या त्या दोन फळ्या कुणाच्या तरी कपाटात गेल्या असत्या. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू असं चाललं होतं, तोवर तुम्ही सरस गरम करायला ठेवलात.

गिटार नेल्यावर पंधरा दिवसांनी तो परत येतो. एक वायर सुटली म्हणून त्यानं मागचं झाकण उघडलंय, आणि आत, जिथं माझं पॉलिश पोचत नाही तिथं, सरसाची केसाएवढी रेघ. ‘मिस्त्री, हा जोड आहे.’ तुम्ही खुशीत. ‘आहे की! बाहेरून सापडला काय तुम्हाला?’ त्याचा चेहरा उतरतो. ‘मी एकच फळी म्हटलं होतं. ह्यांना सांगून गेलो होतो.’ तुम्ही माझ्याकडे वळता. ‘सांगितलं होतं काय गं?’

मी म्हणते, ‘नाही.’

तुम्ही हातातला रंधा खाली ठेवलात. ‘माझी मुलगी खोटं बोलत नाही. तुम्ही जीभ सांभाळा.’ तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आपणच विसरलो की काय असं. मग गिटार पिशवीत घालून गेला. पुढं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, ‘तो? खोटारडा आहे तो.’ तुम्ही कधी कुणाला वाईट म्हणत नव्हता, म्हणून लोकांना ते लगेच पटायचं. दरवेळी मी हातातलं फडकं पिळत बसायची.

तुम्ही गेलात तेव्हा तो भेटायला आला होता. म्हणाला, ‘अक्का, गिटार अजून तीच आहे. इतके उन्हाळे गेले, वाकली नाही की उकलली नाही. मीच तेव्हा सांगायला विसरलो असणार. अप्पांची माफी मागायची राहून गेली.’ मी काय म्हटलं असेल? ‘असू द्या. होतं असं.’ म्हणजे तुमच्या नावानं त्याला मीच माफ करून टाकलं. वर चहा दिला.

त्यानंतर मी गिटारची बरीच धडं केली, एका फळीची, दोन फळ्यांची. तारिहाळच्या एका कारखानदारानं हौसेनं दोन्ही करून घेतली, तेव्हा शेजारी ठेवून ऐकली. माझ्या कानाला फरक आजवर सापडलेला नाही. तरी गिऱ्हाइकाला आधी विचारते, एक की दोन, आणि त्याच्या समोर लिहून घेते. लोक म्हणतात, बाई फार काटेकोर.

तुम्हाला लिहायला सोपं जातंय, कारण तुम्ही वाचणार नाही. हे पत्र खरं तर त्याला जायला हवं. आहे तो, धारवाडातच, आता काठी घेऊन चालतो. सुभाष रोडवर भेटला की थांबतो, गुडघ्यांचं विचारतो. वरचं ‘अप्पा’ खोडून त्याचं नाव घातलं की झालं. पण अप्पा, मला त्याचं नाव माहीत नाही. आपण त्याला कायम गिटारवालाच म्हणत आलो. विचारलं तर तो सांगेल, आणि वर म्हणेल, ‘का हो अक्का, आज का विचारलंत?’ म्हणून मी विचारत नाही.