लाल कोटातले अण्णा

नांदेड,
३ डिसेंबर २०२३

ती. अण्णांस,
रुद्राणीचा शि. सा. न. आणि शरणु शरणार्थी.

काल फोनवर मी ओरडून विचारलं, वहिनींचा गुडघा कसा आहे. तुम्ही म्हणालात, हरभरा यंदा झकास आहे. शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. तेव्हा आता पत्रच. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं कानाचं मशीन तुमच्या कपाटात पडून आहे, तोवर टपालखात्यावरच माझी भिस्त.

माणिकप्पा काकांचा निरोप आला. ते म्हणतात, बसवंतनं, म्हणजे तुम्ही, दाढी वाढवली ती नाताळबाबा व्हायला. तुमच्या शाळेतले शलमोन मास्तर आजारी पडले, त्यांच्या जागी चर्चजवळच्या वसतिगृहात तुम्ही लाल कोट घालून पोरांना खेळणी वाटणार म्हणे. आधी मला हसूच आलं. पण काका पुढं म्हणाले, गळ्यात लिंग असलेल्या माणसाला हे शोभत नाही, आणि मंजुश्रीचं लातूरला ठरू घातलंय, ती माणसं मठाला मानणारी आहेत, हे लक्षात ठेव.

अण्णा, मंजू तिशीला आली. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि विस्कटली. रविकिरण तिला मनापासून आवडलाय. एवढं वर्ष हा बेत राहू द्याल का? मी धाकटी, तुम्हांला सांगणारी कोण. पण आईच्या जिवाला राहवत नाही.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
रुद्राणी


उदगीर,
९ डिसेंबर २०२३

चि. सौ. रुद्राणीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम, तिकडील कळत असावे.

पत्र पोचलं. काकांनी सांगितलं ते खरं आहे. फक्त दाढी नाताळबाबासाठी नाही, आळसानं वाढली आहे. तुझ्या वहिनीला विचार.

आता खुलासा करतो, मग तू सांगशील तसं. भूकंप झाला त्या वर्षी शलमोन मास्तरांनी किल्लारीकडची अकरा लेकरं त्या वसतिगृहात आणली. ती लेकरं खात होती, झोपत होती, पण हसत नव्हती. मास्तर तेव्हा सडपातळ. पोटाला उशी बांधली, दाढीला सरकीचा कापूस चिकटवला आणि डिसेंबरात नाचत नाचत आत शिरले. कापूस नाकात गेला, शिंकांवर शिंका. त्या शिंकांना एक पोरगी हसली. मास्तरांनी मला हे दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं. त्यानंतर तीस वर्षं हा माणूस चुकला नाही. स्वतःची मुलगी दवाखान्यात होती त्या वर्षीसुद्धा नाही.

माझा लाकडाचा छंद तेव्हाचाच. फर्निचरवाल्याकडचे तुकडे आणायचे, लाकूड कातायच्या घरच्या खरादावर भोवरे, भिंगऱ्या, बैलगाड्या करायच्या आणि नाताळच्या आदल्या दिवशी पोतं मास्तरांच्या हाती द्यायचं. पण रुद्रा, तीस वर्षं मी ते पोतं फाटकातूनच दिलं. मास्तर दरवेळी आत या म्हणायचे, मी घाईचं कारण सांगायचो. घाई कसली? लोक काय म्हणतील, एवढंच.

दिवाळीत मास्तरांची डावी बाजू गेली. भेटायला गेलो तर शब्द अडखळत होते. त्यांनी उजव्या हातानं माझी दाढी ओढली आणि म्हणाले, कापूस लागणार नाही. मी हो म्हणून आलो.

रोज पहाटे लिंग तळहातावर घेऊन बसतो. त्या वेळी हाच विचार केला. आपल्या बाबांनी आपल्याला कायक आणि दासोह हे दोनच शब्द शिकवले, हातानं करावं आणि दुसऱ्याला द्यावं. लाल कोट त्यात कुठं आडवा येतो, मला सापडलं नाही. काकांना जाऊन हेच सांगितलं. ते तोंड फिरवून बसले. तेव्हापासून चहाला आले नाहीत.

तरीही मंजूचं आयुष्य माझ्या शब्दापेक्षा मोठं आहे. तू नको म्हणालीस तर मास्तरांपुढं जाऊन माफी मागेन. मनात काही न धरता कळव.

जावईबापूंना नमस्कार. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा,
बसवंत


नांदेड,
१४ डिसेंबर २०२३

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि मंजूच्या हातात दिलं. तिनं उभ्याउभ्याच वाचलं. मग म्हणाली की, मामांनी लाल कोट घातला म्हणून जे घर मला नको म्हणेल, ते घर मला लग्नाआधी कळलेलं बरं. शिवाय, मामांना नको म्हणायला सांगितलंस म्हणून ती माझ्यावर रागावली, ते निराळं.

मलाही माझी लाज वाटली, अण्णा. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून शाळेत नेत होतात. मुलींना कशाला एवढं शिकवायचं म्हणणारे तेव्हाही होतेच. तुम्ही त्यांना नमस्कार करून पॅडल मारत राहायचात. त्याच जोरावर मी पुढं तीस वर्षं गणित शिकवलं. आणि आता मीच तुम्हांला थांबा म्हणत होते.

लातूरची मंडळी महिनाअखेरीस येतील. लपवून सोयरीक करायची नाही, मी स्वतः सांगेन. सोबत जुन्या साड्यांच्या चाळीस थैल्या शिवून पाठवल्या आहेत, एकेकात एकेक खेळणं मावेल. जांभळी जरीची माझ्या लग्नातल्या शालूची आहे. ती कुणाला मिळाली ते कळवा. पोटाला उशी बांधायची गरज पडणार नाही, असं इथं सगळ्यांचं मत आहे.

आशीर्वादाचा हात असाच असू द्यावा.

तुमची,
रुद्राणी


उदगीर,
२६ डिसेंबर २०२३

चि. सौ. रुद्राणीस,
अनेक आशीर्वाद.

काल पार पडलं. सकाळची पूजा झाली, लिंग गळ्यात नीट ठेवलं, वर सदरा, त्यावर मास्तरांचा कोट. तुझ्या वहिनीला बटणं पुढं सरकवावी लागली. मास्तरांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. मी आत शिरलो आणि नाचायचंच विसरलो. शाळेत वर्गावर जावं तसा सरळ चालत गेलो. मास्तरांनी उजवा हात वर करून ताल धरला, मग कुठं पाय हलले. पोरं हसली. मास्तर हसता हसता रडायला लागले. वसतिगृहाच्या बाई सांगत होत्या, दिवाळीपासून हा माणूस हसलाच नव्हता. मी आयुष्यात कधी नाचलो नव्हतो, पण त्यांच्यासाठी पुन्हा नाचेन.

जांभळी थैली सुकन्या नावाच्या मुलीला मिळाली. शिरूर अनंतपाळकडची, सात-आठ वर्षांची. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर, ते आता उन्हाळ्यातच येतील.

तिच्यापायीच तुला घाईनं लिहितोय. प्रत्येक पोर माझ्या कानाशी येऊन काहीतरी पुटपुटत होतं. मला ऐकू काय येणार? मी मान डोलावून सगळ्यांना हाव, हाव म्हणत राहिलो. निघताना बाईंनी सांगितलं, सुकन्या अख्ख्या वसतिगृहात सांगत सुटली आहे की सहा तारखेला शाळेत पालकसभा आहे आणि तिच्यासाठी सांता येणार आहे. तिनं मला तेच विचारलं होतं, आणि मी हाव म्हणालो.

रुद्रा, अडतीस वर्षं मास्तरकी केली, पण लेकराचं न ऐकता कधी जबाब दिला नव्हता. आता लाल कोटात गेलो तर शाळेत तिचं हसू होईल. आपल्या कपड्यांत गेलो तर म्हातारा कोण म्हणून ती हिरमुसेल. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. तू सांग.

तुझ्या थैल्या सगळ्यांनी वाखाणल्या. लातूरकडचं काय ते कळव. जीव तिकडंच लागलेला आहे.

तुझा,
बसवंत


नांदेड,
१ जानेवारी २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

काल लातूरची मंडळी येऊन गेली. पोह्यांची बशी हातात दिल्याबरोबर मी सगळं सांगून टाकलं, कोट, दाढी, नाच, काहीच लपवून ठेवलं नाही. रविकिरणच्या वडिलांनी एवढंच विचारलं की, त्या दिवशी त्यांची पूजा चुकली का? मी म्हटलं, माझ्या आठवणीत तापातसुद्धा चुकलेली नाही. त्यांनी मान हलवली आणि आणखी पोहे मागितले. रविकिरणनं खराद बघायला कधी येऊ म्हणून विचारलं. त्यांची एक आत्या मात्र नाराज होऊनच उठली, ते खोटं का सांगू. पण सुपारी फुटली, अण्णा! माघात साखरपुडा. मंजू तुम्हांला वेगळं लिहिणार आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं. तुम्ही जा, आणि आपल्या कपड्यांत जा. त्या पोरीला सांता नको आहे, तिला त्या दिवशी तिच्या बाजूनं बसणारं कुणीतरी हवंय. तिनं विचारलं तर खरं सांगा. मुलांना खरं सांगितलेलं कळतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. फक्त कपाटातलं ते मशीन कानात घालून जा. तिला दुसऱ्यांदा न ऐकता हाव म्हणू नका.

लवकर कळवा. आमच्यावर नजर असू द्या.

तुमची,
रुद्राणी


उदगीर,
१६ जानेवारी २०२४

सौ. रुद्राबाईस,
पार्वतम्माचा नमस्कार. तिळगूळ घ्या, गोड बोला.

तुमचे अण्णा सभेचं लिहायला बसतात अन् दोन ओळींवर थांबतात. कागद फाडून राहिले. म्हणून मीच लिहिते. माझं लिवणं जसं बोलणं तसंच हाय, हसू नका.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी यांनी मशीन काढलं. पहिल्या दिवशी म्हणाले, घरात एवढा आवाज का करता, भांडी हळू ठेवा. मी म्हटलं, दोन वर्षांपासून अशीच ठेवून राहिले, तुम्हीच न्हाई ऐकलं.

सहा तारखेला पांढरं धोतर, आपला काळा कोट, टोपी, कपाळाला विभूती, असे निघाले. मला चला म्हणाले. गुडघा लई दुखत होता, तरी गेले, कारण यांनी टोपी तीनदा काढून पुन्हा घातली. आमच्या लग्नातसुद्धा हे एवढे घाबरले न्हवते.

वर्गात सगळ्यांची माणसं बसलेली. सुकन्या एकटी बाकावर, नजर फाटकाकडं, लाल रंग शोधणारी. हे जाऊन तिच्या मागच्या बाकावर बसले. मी दारातच उभी राहिले. पोरीनं वळून दाढीकडं पाहिलं. लई वेळ पाहिलं. मग जवळ येऊन विचारलं की तुमचा लाल कोट कुठं हाय? यांनी सांगितलं, तो कोट शलमोन मास्तरांचा हाय, त्यांना परत दिला. मी बसवंत मास्तर. त्या दिवशी तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं न्हवतं, तरी हाव म्हणालो, ती माझी चूक. आज ऐकून आलोय.

पोरीनं विचार केला. मला वाटलं आता रडते. तिनं विचारलं की म्हणजे तुम्ही सांता न्हाईत, तरी आलात? हे म्हणाले, हाव. मग ती यांच्या शेजारी येऊन बसली.

गुरुजींनी नाव पुकारलं. ही पोरगी वाचते चांगली, पण वर्गात तोंड उघडत न्हाई, असं त्यांनी सांगितलं. मग यांच्याकडं पाहून म्हणाले, आपण हिचे कोण? हे अडखळले, मी नात्यातला न्हाई असं सांगायला लागले. तेवढ्यात सुकन्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलली. आमचे हायत म्हणाली. गुरुजी हसले, यांनी मान खाली घातली.

मग तिनं दाराकडं बोट केलं अन् यांना विचारलं, त्या कोण? हे म्हणाले, आमच्या घरच्या. ती उठली, माझ्याजवळ आली, माझा हात धरून मला आत घेऊन गेली अन् गुरुजींना म्हणाली, मग ह्या बी आमच्याच.

रुद्राबाई, तुम्हाला ठाऊक हाय, आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पोटी लेकरू न्हाई. एवढ्या वर्षांत शाळेच्या बाकावर कुणाची म्हणून मी कधी बसले न्हवते. त्या दिवशी बसले. बाक लई लहान होता, गुडघे मावत न्हवते, पण सभा संपली तरी मी उठले न्हाई.

मंजूला मुका सांगा. तुमच्या मनात आहोत तसेच राहू द्या.

तुमची,
पार्वतम्मा