एकाच खेळाच्या नऊ कॅसेटी आणि त्यांचा वारस

मी, लिलाबाई देवचंद सपकाळे, वय एकाहत्तर, राहणार रेल्वे कॉलनीच्या मागे, भुसावळ, जिल्हा जळगाव, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला तारीख विचारली. मी तारीख सांगून वर संविधानाची उद्देशिका म्हणायला घेतली, तेव्हा त्यांनी अर्ध्यातच सही केली. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आजवर कोणाला ते आणता आलेले नाही. २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागात लिहिले होते. हेही रागातच लिहीत आहे, पण विचार करून.

१. भुसावळचे राहते घर माझे पती देवचंद यांच्या रेल्वेच्या फंडातून आणि माझ्या दुकानाच्या कमाईतून उभे राहिले. त्यांच्या मागे ते माझ्या नावावर आहे. ते माझा मुलगा प्रशील आणि सून मृणाली यांना निम्मे निम्मे मिळावे. सात-बारा असो की नगरपालिकेचा उतारा, दोघांची नावे लागली पाहिजेत. "घरात एकाचे नाव असले तरी चालते," असे कोणी म्हणाले तर त्याने या विषयावरची माझी तीस वर्षांची भाषणे फुकट ऐकली असे समजावे.

२. बँकेतील ठेव एकट्या मृणालीची. तिने तिचे काय केले हे तिला कोणी विचारू नये.

३. माझी सर्व पुस्तके चोपड्याच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावीत. समासात मी लेखकांशी भांडलेली आहे. ती भांडणे खोडू नयेत. मुलींना पटले नाही तर त्यांनी खाली आपले लिहावे.

४. आता कॅसेटी. हे कलम लांब आहे, आणि मृत्युपत्र करण्याचे खरे कारण हेच आहे.

१९९४ ते २००३ मी घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचे दुकान चालवले. तीन टीव्ही, तीन यंत्रे, तासावर भाडे. कॅसेट म्हणजे तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी. ती यंत्राच्या खाचेत बसवली की टीव्हीवर खेळ सुरू होई. भुसावळ जंक्शन असल्याने गार्ड, ड्रायव्हर आणि बदलीवर येणारी कुटुंबे हावड्याकडून, नागपूरकडून, मुंबईकडून कॅसेटी आणत आणि माझ्याकडे अदलाबदल करत. अशा रीतीने रणगाड्यांचा एकच खेळ माझ्याकडे नऊ वाटांनी नऊ वेळा आला. लोक हसत. "लिलाबाई, एकच पुस्तक नऊ वेळा विकत घ्याल का?" मी म्हणे, "आवृत्त्या नऊ असतील तर घेईन."

त्या नऊ सारख्या नाहीत. एकीच्या पाठीला पाच स्क्रू आहेत, बाकीच्यांना तीन. पुढे कारखान्याने खर्च वाचवायला दोन स्क्रूंच्या जागी प्लॅस्टिकचे चाप केले. म्हणजे पाच स्क्रूंची ती पहिल्या खेपेची. एकीच्या लेबलवर विमान होते आणि आत रणगाडे. एक लाल आहे. का लाल, हे कोणालाच ठाऊक नाही. एकीत सतराव्या टप्प्यावर रणगाडा नदीतून सरळ पलीकडे जातो. पुढच्या खेपेत ती चूक दुरुस्त झाली. आणि एक राखाडी, लेबल नसलेली, निळ्या शाईने नुसता आकडा टाकलेली. ती व्यापाऱ्यांना दाखवायला काढलेला नमुना. तिच्यात, खेळणाऱ्याने राखायच्या तळाभोवतीची विटांची भिंत दुहेरी होती. विकायच्या खेळात ती एकेरीच आली.

संग्राहक अशा फरकांसाठी जीव का टाकतात? बरोबर निघालेली वस्तू ढिगाने निघते. चुकलेली थोडी निघते, आणि चूक ध्यानात आली की कारखाना स्वतःच तिला संपवतो. जी वाचते तिच्यावर बनवणाऱ्याच्या हाताची खूण राहते. तो कुठे चुकला, कुठे त्याने मत बदलले, कुठे दोन स्क्रूंचे पैसे वाचवले, हे तिच्यावर वाचता येते. पण एकटी कॅसेट हे सांगू शकत नाही. शेजारी रणगाड्याचे लेबल असल्याशिवाय विमानाचे लेबल चुकलेले आहे हे कसे कळणार? म्हणून नऊ एकत्र राहिल्या तरच त्या काही बोलतात.

"सगळे सारखेच तर आहेत," हे वाक्य मी लहानपणी नळावर आमच्या वस्तीबद्दल ऐकले होते. ते म्हणणाऱ्यांपैकी एकानेही आमच्या एका घरात पाऊल ठेवलेले नव्हते. तेव्हापासून या वाक्याशी माझे वैर आहे.

५. गेल्या मार्चमध्ये मी धुळ्याचे संग्राहक नवल देवरे यांना बोलावले. मला काही विकायचे नव्हते. माझ्यानंतर या नऊजणी कुठे सुरक्षित राहतील एवढेच विचारायचे होते. पाहुणे येणार म्हणून प्रशीलने आदल्या दिवशी, मला न सांगता, नऊही कॅसेटी साबणाच्या पाण्यात धुतल्या. घर दाखवायचे तर आपण चुना मारतो, गाडी दाखवायची तर धुतो. त्याने तेच केले. जुनी लेबले खरवडली, निळा आकडा पुसला आणि छापखान्यातून आणलेली चकचकीत लेबले नवांवर एकसारखी चिकटवली.

"आई, बघ, शोरूममधून आणल्यासारख्या दिसतात."

हजारोंच्या सभेत माझी जीभ कधी अडखळली नाही. त्या दिवशी अडखळली. नवल देवरे हातातला चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "मावशी, यांची ओळखच गेली."

विमानाचे लेबल बादलीत विरघळून कायमचे गेले. लाल, राखाडी आणि पाच स्क्रूंची एवढ्या तीन ओळखू येत होत्या. उरलेल्या सहांमध्ये कोण कोण, हे आतून पाहून सांगू शकेल असा माणूस खान्देशात एकच होता, आणि त्याच्याशी मी सत्तावीस वर्षे बोलत नव्हते.

६. तो म्हणजे जीवराम पुंजू पाटील, पाचोरा. त्याचेही तेव्हा तिथे माझ्यासारखे दुकान होते आणि आमची देवाणघेवाण चाले. १९९८ साली त्याने राखाडी कॅसेट एका रविवारपुरती नेली. परत आली ती दिसायला तीच, पण भिंत एकेरी. मी पाचोरा स्टेशनबाहेर चारचौघांत त्याला जाब विचारला. त्याने आईची शपथ घेतली. जमलेले लोक त्याला नाही, मला हसले: एकाच खेळाच्या दोन कॅसेटींत फरक तो काय असणार? आयुष्यात जाहीरपणे हरलेला माझा हा एकच वाद. पुढे पुढे तर मलाच वाटू लागले की दुहेरी भिंत मी मनाने रचली असेल.

तरीही मी त्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आला. एकेक कॅसेट उघडून, आतली सर्किटची पट्टी उजेडात धरून, मग यंत्रात घालून त्याने जेवणापर्यंत सहाही ओळखून दिल्या. विमानवालीसुद्धा. राखाडी मात्र त्याने उघडलीच नाही. ती त्याने माझ्याकडे सरकवली.

"अक्का, हाई तुम्हनी नही शे."

"मग माझी कुठे आहे?"

"मन्हाजोडे शे. सत्तावीस वरीस व्हयनात."

मी विचारले, "इतकी वर्षे ठेवलीस, मग विकली का नाहीस?"

"कोनले इकू, अक्का? फरक वळखनारं मानूस तुम्ही एकच व्हतात."

दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन आला. टीव्ही लावला. तळाभोवती भिंत दुहेरी होती. प्रशील जवळ जाऊन बराच वेळ त्या विटा मोजत राहिला. मग म्हणाला, "आई, मला कोणी सांगितलं असतं तर." ते खरे आहे. गावोगाव भाषणे दिली, घरात मुलाला शेजारी बसवून हे दाखवले नाही. हा दोष माझा, आणि तो मी इथे माझ्या नावावर लिहून घेते.

७. म्हणून माझी हत्यारे, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचा संच, सोल्डरिंग गन आणि भिंग, प्रशीलला द्यावीत. पुसण्याआधी उघडून पाहायला त्याने शिकावे.

८. खरी राखाडी धरून नऊही कॅसेटी जीवराम पुंजू पाटील याला मिळाव्यात; बदलून दिलेली दहावी त्याचीच आहे. प्रशील म्हणाला, "आई, चोराला देतेस?" हो, चोराला देते. ज्यांनी माझ्यावर प्रेम केले त्यांना नऊ सारख्या दिसल्या. याने चोरताना नेमकी तीच उचलली आणि सत्तावीस वर्षे धूळसुद्धा लागू दिली नाही.

त्याने त्या धुऊ नयेत, लेबले लावू नयेत, एकही वेगळी काढू नये. कोणी पाहायला आला तर खेळू द्यावे. त्याच्या मागे नवल देवरे, धुळे, यांनी याच अटींवर त्या सांभाळाव्यात.

९. वरील देणगीला एक अट आहे. माझी शोकसभा पाचोरा स्टेशनबाहेर घ्यावी. तिथे कोणीही माझे गुणगान करू नये. ज्या मंडळाने २०११ साली माझे भाषण चालू असताना माईक बंद केला त्याच्या पदाधिकाऱ्यांनी तर पुढच्या रांगेतही बसू नये. बोलायचे ते फक्त जीवरामने. दोन्ही राखाडी कॅसेटी हातात धरून फरक काय, कोणती कोणाची आणि शपथ खोटी होती, हे त्याने लोकांना सांगावे. तो बोलला नाही तर कलम आठमधील देणगी रद्द समजून कॅसेटी थेट नवल देवरेंकडे जाव्यात.

हे कलम मी जीवरामला वाचून दाखवले. तो म्हणाला, "अक्का, माले बोलता येत नही." मी म्हटले, "दोन ओळी लिहून देते, तेवढ्या वाच."

तो म्हणाला, "नको. मन्हं मी सांगसू."

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मृणाली प्रशील सपकाळे हिने करावी. वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आहे. एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

लिहून देणार: लिलाबाई देवचंद सपकाळे (सही)

लिलाबाईंनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. कौतिक सीताराम चौधरी, निवृत्त गार्ड, भुसावळ (सही)
२. सुनंदाबाई प्रेमराज तायडे, शेजारी, भुसावळ (सही)

स्थळ: भुसावळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५